काट्यावर आधी मालक

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरून आत वळलं की एका गल्लीच्या तोंडाशी चांद शेख यांचं भंगाराचं दुकान आहे. सकाळी शटर वर गेलं की चांदभाई चपला काढतात, मोठ्या वजनकाट्यावर चढतात, दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि समोर जो कोणी उभा असेल त्याला म्हणतात, "वाचा." समोरच्यानं आकडा मोठ्यानं वाचायचा. मग चांदभाई खाली उतरतात, चपला घालतात आणि धंदा सुरू होतो.

ही चाल त्यांच्या वडिलांची. दुसऱ्याचा माल काट्यावर चढवायचा तर आधी मालकानं चढावं, असं ते म्हणत. भंगारवाल्याच्या काट्यावर कोणाचाच विश्वास नसतो, आणि पुण्यात तर लोकांचा डॉक्टरच्या थर्मामीटरवरही नसतो. चांदभाई शेजारच्या दवाखान्यातल्या काट्यावरही तेवढेच भरतात, हे गल्लीनं कधीच पडताळून घेतलंय. तोटा एवढाच, की त्यांचं वजन ही खासगी गोष्ट राहिली नाही. रमजान संपला की लोक मुबारकबादीच्या आधी "किती उतरलं?" विचारतात. आणि लग्नसराईनंतर त्यांची बायको सुरय्या स्वतः आकडा वाचायला येते, तेव्हा चांदभाईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं होतं.

एरवी आकडा वाचण्याचा मान कांताबाईंचा. कांताबाई लोंढे येरवड्याच्या बाजूला वस्तीत राहतात आणि भल्या पहाटेपासून कचरा वेचतात. त्यांना अक्षर येत नाही, पण काट्यावरचा आकडा त्या रस्त्यापलीकडून वाचतील. पाठीवर गोणी आणि कमरेला दोरीनं बांधलेलं लोहचुंबक, हा त्यांचा सरंजाम. कुठल्याशा फुटक्या कर्ण्यातून काढलेलं ते चुंबक त्यांना चांदभाईंनीच दिलं होतं. पिवळं दिसणारं सगळंच पितळ नसतं. चुंबक चिकटलं की समजायचं, आत लोखंड आहे आणि वर नुसती मिजास.

चांदभाईंचे वडील वारले तेव्हा चांदभाई अगदीच पोरसवदा होते. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांनी दुकान उघडलं, पण दुपारपर्यंत कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. पोराच्या हाती काटा आलाय म्हटल्यावर लोक बिचकले होते. मग कांताबाई आल्या. गोणी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हुबा ऱ्हा काट्यावर. तुझा बाप ऱ्हायचा." चांदभाई उभे राहिले. कांताबाईंनी आकडा असा वाचला की अर्ध्या गल्लीनं ऐकला. त्या दिवसापासून दुकानाची बोहनी कांताबाईंचीच. त्यांनी गोणी उतरवल्याशिवाय चांदभाई दुसऱ्या कोणाचा माल घेत नसत. चांदभाई तसे अंधश्रद्धा मानत नाहीत, ही एक सोडून.

असं सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं आणि मग पोलिसांचा आदेश आला.

त्या वर्षी शहरात धातूच्या चोऱ्यांना ऊत आला होता. गटारांची झाकणं जात होती, इमारतींच्या गच्चीवरून एसीचे तांब्याचे पाइप जात होते. एका बंगल्याच्या फाटकावरची "येथे कोणाचीही चौकशी करू नये" अशी पितळी पाटीसुद्धा गेली, आणि तिची चौकशी करायला मालकांना स्वतः चौकीत यावं लागलं. तेव्हा नवे फौजदार पृथ्वीराज यांनी भागातल्या सगळ्या भंगारवाल्यांना पिंपळाच्या चौकीत बोलावलं आणि नियम सांगितले. विकणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं. मालासकट त्याचा फोटो काढायचा. आणि घेतलेला धातू काही दिवस जसा आला तसाच ठेवायचा, फोडायचा नाही, भट्टीकडे पाठवायचा नाही. चोराला माल खपवायची जागाच उरली नाही तर तो चोरेल कशाला, असा त्यातला हिशेब.

पलीकडच्या गल्लीतला सुखदेव म्हणाला, "साहेब, आमच्याकडे भंगार येतं. नवरी येत नाही फोटो काढायला."

"नवरी आली तरी घ्या," पृथ्वीराज म्हणाले. "फक्त आधार कार्ड बघून घ्या."

सगळे कुरकुरत बाहेर पडले. चांदभाई मात्र खूश होते. चोरीचा माल आणि खरा माल एकाच काट्यावर चढतो, याचं त्यांना आयुष्यभर वैषम्य वाटत आलं होतं. शिवाय नीटनेटकेपणा हा त्यांचा जुना आजार. पितळेच्या ढिगात चुकून एक स्क्रू दिसला तर त्यांना जेवण जात नाही. फोटो काढायचा तर त्यात तारीख दिसली पाहिजे, मालाचं नाव दिसलं पाहिजे, वजन दिसलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी भंगारातून एक जुनी शाळेची पाटी शोधून काढली, धुतली, खडू आणला आणि बायकोला दाखवली. सुरय्या म्हणाली, "वा. आता शाळाच काढा."

दुसऱ्या दिवशी बोहनीला कांताबाई आल्या. आकडा वाचून झाला, चहा झाला, गोणी मोजून झाली. चांदभाईंनी पाटीवर सुबक अक्षरात "तांब्याची तार" असं लिहिलं, खाली तारीख घातली, आणि मोठ्या कौतुकानं ती पाटी कांताबाईंच्या हातात दिली. "अशी छातीशी धरा," ते म्हणाले. "बघा इकडे."

कांताबाईंनी पाटीकडे बघितलं, मग मोबाइलकडे. त्यांचा चेहरा पार उतरला. पाटी त्यांनी काट्यावर पालथी ठेवली, तार परत गोणीत कोंबली आणि गोणी पाठीवर टाकली.

"काय झालं, कांताबाई?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मला न्हाई इकायचं."

आणि त्या गेल्या. घाईत कमरेचं चुंबक सुटून पडलं तेही त्यांना कळलं नाही. चांदभाईंनी ते उचलून शटरच्या कडेला लावलं. ते तिथं घट्ट चिकटून बसलं.

दुसऱ्या दिवशी कांताबाई आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग बातमी आली, की त्या माल सुखदेवकडे टाकतात. सुखदेव ना ओळखपत्र विचारत होता, ना फोटो काढत होता. चांदभाईंनी ते ऐकलं आणि पितळेच्या ढिगात एक सोडून तीन स्क्रू राहिले तरी त्यांना दिसले नाहीत.

"फोटोची लाज वाटली असेल," सुरय्या म्हणाली. "पाटी धरून उभं केलंत तुम्ही, कैद्यासारखं. लग्नातला फोटोवाला कसं करतो बघितलंय ना? आधी माणसाला बरं वाटलं पाहिजे."

बोलणं झालं आणि तिनं सूत्रं हातात घेतली. रास्ता पेठेतला एक फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा चांदभाईंनी तिथलं लोखंड घेतलं होतं, आणि त्याबरोबर एक रंगवलेला पडदाही फुकट पदरात पडला होता. त्यावर निळं तळं, दोन हंस आणि कुठेच न जाणाऱ्या संगमरवरी पायऱ्या होत्या. इतकी वर्षं तो पडदा ओल्या रद्दीवर झाकायला होता. सुरय्यानं तो धुऊन भिंतीवर टांगला. समोर हात असलेली खुर्ची मांडली, बाजूला आरसा, आरशाखाली कंगवा आणि पावडरीचा डबा. पाटी तिनं कोपऱ्यात ढकलली, कारण मोबाइल तारीख आपोआप टिपतो हे तिला ठाऊक होतं आणि चांदभाईंना नव्हतं.

लोक आधी लाजले, मग चटावले. रद्दीवाला मुंडासं सारखं करून बसायला लागला. सोसायटीतल्या बाया जुने नळ विकायला येताना साडी बदलून यायला लागल्या. मार्केट यार्डातला एक हमाल वाकडी झालेली लोखंडी सळई घेऊन मुद्दाम एवढ्या लांब आला. सळईचे त्याला चहापुरते पैसे झाले, पण तळ्याकाठचा फोटो त्यानं गावी पाठवला. सुरय्याची नजर पक्की होती. "मान जरा डावीकडे. नळ पुढं धरा. आता हसा," असं ती म्हणाली की माणूस हसायचाच.

एकदा एक तरुण तांब्याच्या पाइपचं वेटोळं खांद्यावर टाकून ऐटीत आला. ओळखपत्र घरी राहिलंय म्हणाला.

"आणून द्या नंतर," सुरय्या म्हणाली. "आधी फोटो काढू. बसा. केस विंचरा."

तो बसला, त्यानं केस विंचरले. पावडरही लावली. मग त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं विचारलं, "फोटो कशाला असतो?"

"पोलिसांना दाखवायला," सुरय्या त्याच गोड आवाजात म्हणाली. "हसा थोडं."

त्याला अचानक लघवीला लागली. जो गेला तो आलाच नाही. पाइप मात्र राहिले. ते जवळच्याच एका सोसायटीच्या गच्चीवरचे निघाले. पृथ्वीराज स्वतः पाइप ताब्यात घ्यायला आले, हंसांच्या पडद्यासमोर जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "आणखी काही गेलंय का तुमचं?"

"कंगवा घेऊन गेला, साहेब," सुरय्या म्हणाली.

"तक्रार द्यायची आहे?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

गल्लीत हसू मावेना. चांदभाईही हसले, पण घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. सगळी वस्ती फोटो काढून गेली होती. जिच्यासाठी पडदा धुतला तीच आली नव्हती. रोज सकाळी ते काट्यावर उभे राहत, आकडा दुसरंच कोणीतरी वाची, आणि समोर शटरला ते चुंबक दिसे. आकडा बरोबर असे, पण बोहनी झाल्यासारखी वाटतच नसे. माणसाला घरचं कोणी रुसलं की जसं होतं तसं त्यांना होत होतं, आणि ते तसं स्वतःशी कबूलही करत होते.

शेवटी एका दुपारी त्यांनी चुंबक शटरवरून उपटलं, खिशात घातलं आणि वस्ती गाठली.

कांताबाई दारात बसून बाटल्यांची झाकणं वेगळी करत होत्या. नात तनुजा आत अभ्यासाला बसली होती. चांदभाईंनी चुंबक पुढं केलं. कांताबाईंनी ते घेतलं, पदरानं पुसलं आणि पाट सरकवला. चहा आला.

"मी काही चुकलो का?" चांदभाईंनी सरळ विचारलं.

कांताबाई झाकणं निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं काय चुकलं न्हाई, भाऊ. पाटी चुकली."

आणि त्यांनी सांगितलं. फार जुनी गोष्ट, चांदभाई काट्यावर बसायच्याही आधीची. तनुजाची आई तेव्हा पोटात होती. एका बंगल्याचे पितळी नळ चोरीला गेले आणि कांताबाईंच्या गोणीत पितळेचा एक तुकडा सापडला. हवालदारानं पिंपळाच्या चौकीत नेलं. भिंतीला टेकवून उभं केलं, हातात पाटी दिली, छातीशी धर म्हणाला आणि फोटो काढला. संध्याकाळी बंगल्याच्या माळ्यानंच नळ विकल्याचं उघडकीला आलं आणि कांताबाईंना जा म्हणून सांगितलं.

"फोटूचं काय न्हाई," कांताबाई म्हणाल्या. "पन त्या पाटीवर काय ल्हिलं व्हतं ते मला वाचता येईना. इचारायची छाती झाली न्हाई. आजपत्तुर कळलं न्हाई मला, त्यांनी माझ्या छातीवर काय ल्हिलं व्हतं ते. तुजी पाटी हातात आली आन् पुन्ना तसंच. काय ल्हिलंय, कळंना."

चांदभाईंनी कप खाली ठेवला. आपण पाटीवर काय लिहिलं ते वाचून दाखवायचं त्यांना सुचलं नव्हतं. एवढ्या वर्षांत ज्यांच्याकडून रोज आकडा वाचून घेतला, त्यांना अक्षर येत नाही हेच ते विसरले होते. "तांब्याची तार," ते म्हणाले. "तेवढंच लिहिलं होतं, कांताबाई. तांब्याची तार, आणि तारीख."

"आसंल," कांताबाई म्हणाल्या. "पन आता न्हाई येत मी. तुझा कायदा ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

चांदभाई घरी आले ते तोंड एवढंसं करून. फोटोशिवाय माल घ्यायचा तर आदेश मोडतो, आणि तो मोडायचा नव्हता. चोर कंगवा घेऊन पळाला तो याच नियमामुळे. फोटो काढायचा तर कांताबाई येत नाहीत. इकडे आड तिकडे विहीर. त्यांनी सगळं सुरय्याला सांगितलं. ती पाटी तिनं कोपऱ्यातून उचलली, लाकडी चौकट चुलीत घातली आणि दगड बाहेर टाकून आली. मग हात धुऊन नवऱ्यासमोर बसली.

"काट्यावर आधी कोण उभं राहतं?" तिनं विचारलं.

"मी."

"का?"

"काटा सगळ्यांना सारखा, हे कळावं म्हणून."

"मग फोटोत का नाही राहत? आदेशात कुठं लिहिलंय की विकणारा एकटाच पाहिजे? संशय घ्यायचाच तर दोघांचा घेऊ देत."

चांदभाई बायकोकडे बघत राहिले. तीस वर्षं संसार करूनही ही बाई आपल्याला कळली नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवसापासून जो कोणी खुर्चीत बसे त्याच्या शेजारी चांदभाई उभे. मालाचं एक टोक विकणाऱ्याच्या हातात, दुसरं चांदभाईंच्या. कोणी कढई आणली तर दोघांनी एकेक कान धरायचा. कोणी सायकलची चेन आणली तर ती दोघांच्या मध्ये हारासारखी. चांदभाई प्रत्येक वेळी पोट आत घेत आणि मान ताठ करत, आणि प्रत्येक फोटोत ते सारखेच दिसत, म्हणजे नुकतंच काहीतरी उद्‌घाटन करून आल्यासारखे. हे कळायला वस्तीला वेळ लागला नाही. कांताबाईंच्या कानावर गेलं असणारच, पण चांदभाईंनी निरोप असा कुणाकडेही पाठवला नाही. रुसलेल्या माणसाला निरोप पाठवला की तो आणखी दोन दिवस रुसतो.

मग एका सकाळी चांदभाई काट्यावर उभे होते. हात पाठीमागे, डोळे नेहमीसारखे वर छपराकडे. "वाचा," ते म्हणाले.

समोरून आवाज आला. आकडा अर्ध्या गल्लीनं ऐकला. वर त्या आवाजानं आपलं मतही जोडलं, "वाढलंय."

चांदभाई काट्यावरून उतरायचंच विसरले. सुरय्या आतून चहा घेऊन धावत आली आणि अर्धा बशीतच सांडला. कांताबाईंनी गोणी उतरवली, तार काट्यावर टाकली, कचरावेचकांच्या संघटनेचं ओळखपत्र पुढं केलं आणि खुर्चीत जाऊन बसल्या. कंगवा नवा होता, त्यांनी तो घेतला नाही. पदर नीट केला आणि बोटानं शेजारची जागा दाखवली.

"तू हितं हुबा ऱ्हा," त्या म्हणाल्या.

चांदभाई उभे राहिले. तारेचं एक टोक त्यांनी धरलं, एक कांताबाईंनी. चांदभाईंनी पोट आत घेतलं. कांताबाईंनी ते बघितलं. नुकताच आकडा वाचला होता, त्यामुळे त्यांना ती लबाडी काही सहन झाली नाही आणि त्या हसल्या. सगळे दात दिसतील अशा हसल्या. सुरय्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. मागं निळं तळं, दोन हंस, आणि पुढं खुर्चीत राणीसारख्या कांताबाई.

त्यानंतर महिन्याभरात पृथ्वीराज तपासणीला आले. सगळे फोटो त्यांनी एकेक करून बघितले. बघता बघता त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"चांदभाई, फोटो चोर ओळखायला काढायला सांगितले होते."

"हो साहेब."

"सगळीकडे एकच माणूस सापडतोय."

चांदभाईंनी मान खाली घातली. पृथ्वीराजांनी मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "चालू द्या. तुमच्या शेजारी उभं राहायला जो घाबरेल, त्याला आम्ही बघतो." सुखदेवकडे त्याच आठवड्यात चोरीची केबल सापडली आणि सगळा माल जप्त होऊन त्याला अटक झाली. सुटून आल्यावर तो गुमान येऊन पडदा मागून गेला. चांदभाईंनी त्याला खुर्ची आणि आरसा दिला. पडदा दिला नाही. माणसानं किती मोठं मन करावं यालाही मर्यादा असते.

ओळखपत्रं बघता बघता सुरय्याच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्यांच्या आईबापांनी जन्मतारीख लक्षात ठेवली नाही त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी सोयीची म्हणून एक जून लिहून टाकली होती, आणि ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांना कार्डवाल्यानं तीच चिकटवली होती. दुकानात माल आणणारे निम्मेअधिक लोक एक जूनला जन्मले होते. कांताबाईंची तीच तारीख. रद्दीवाल्याची तीच. आणि चांदभाईंचीही तीच.

"म्हणजे सगळी जुळी भावंडं की," सुरय्या म्हणाली. "वाढदिवस करायलाच पाहिजे."

पुण्यात वाढदिवस करायचा म्हणजे चौकात फ्लेक्स लावायचा. गल्लीबोळातल्या दादा-भाऊंचे लागतात, मग भंगारवाल्यांचा का नाही? चांदभाईंचा मुलगा शहेजाद खराडीला कंपनीत आहे. त्यानं ज्याला त्याला विचारून फोटो गोळा केले आणि संगणकावर मांडले. मध्ये कांताबाई मोठ्या, भोवती बाकीचे एक जूनचे मानकरी. मजकूर मात्र चांदभाईंनी स्वतः सांगितला.

"लावायचा कुठं?" शहेजादनं विचारलं. "मेन रोडला लोक बघतील."

"पिंपळाच्या चौकीसमोर," कांताबाई म्हणाल्या.

"तिथं कोण बघणार, आज्जी?"

"मी बघनार."

चांदभाईंनी शहेजादला महापालिकेच्या ऑफिसात पाठवलं आणि रीतसर परवानगी काढायला लावली. तिथला कारकून म्हणे दोनदा चष्मा पुसून अर्जाकडे बघत होता.

एक जूनच्या सकाळी सगळे चौकीसमोर जमले. ऊन आत्ताच चटके देत होतं. पिंपळाखाली फ्लेक्स ताणून बांधलेला, आणि त्यावर निळ्या तळ्याकाठी पंचवीसेक माणसं आपापला नळ, कढई, सळई घेऊन हसत होती. प्रत्येकाच्या शेजारी चांदभाई. जिथं शहेजादनं त्यांना कापायचा प्रयत्न केला होता तिथं त्यांचा एक हात तरी राहिलाच होता. पृथ्वीराज बाहेर आले.

"परवानगी?"

शहेजादनं कागद दाखवला. ते वाचून पृथ्वीराज म्हणाले, "परवानगीचा फ्लेक्स. नोकरीत पहिल्यांदा बघतोय. म्युझियमला द्या उतरवल्यावर." मग त्यांनी वर बघितलं आणि मोठी अक्षरं वाचली. "डोळे झाकून? चांदभाई, आमचा आदेश काय होता?"

"फोटो काढतो साहेब," चांदभाई म्हणाले, "आणि मग डोळे झाकून घेतो."

कांताबाई सगळ्यांच्या पुढं जाऊन उभ्या होत्या. नवी साडी, आणि कमरेला सवयीनं बांधलेलं चुंबक. त्या आपल्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, त्याच्याखालच्या अक्षरांकडे बघत होत्या. त्यांनी नातीला जवळ ओढलं.

"तनू, काय ल्हिलंय?"

तनुजानं हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.

"मोठ्यानं," कांताबाई म्हणाल्या. "चौकीत ऐकू गेलं पायजे."

तनुजानं घसा खाकरला आणि शाळेत कविता म्हणतात तसं खणखणीत वाचलं. "मानाची पहिली बोहनी. श्रीमती कांताबाई लोंढे. यांच्या हातचा माल डोळे झाकून घ्यावा."

चौकीच्या दारात दोन शिपाई येऊन उभे राहिले. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. चांदभाईंनी डोळे पुसले आणि ऊन फार आहे असं बायकोला सांगितलं. सुरय्यानं बरं म्हटलं.

"पुन्ना वाच," कांताबाई म्हणाल्या.

तनुजानं पुन्हा वाचलं.

तिसऱ्यांदा तिला वाचावं लागलं नाही. कांताबाई फ्लेक्सला अगदी खेटून उभ्या राहिल्या, बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि ते पुढं सरकवत स्वतःच म्हणाल्या. मानाची पहिली बोहनी. श्रीमती कांताबाई लोंढे. एकही शब्द चुकला नाही. शेवटपर्यंत म्हणून झाल्यावर त्यांनी बोट काढलं आणि मागं वळल्या.

"चल रं भाऊ," त्या चांदभाईंना म्हणाल्या. "काटा उघडायचाय. उनं चढली."